नाव कुणाचे झाकावे?

प्रेमात पडलेल्या माणसाला बोलावेसे वाटते. हा काही आजच्या पिढीचा दोष नव्हे. मनुष्यस्वभावच तसा आहे. दुःख एकट्याने गिळता येते, पण आनंद कुणाला सांगितल्यावाचून पुरा होत नाही. आणि प्रेमात तर आनंद व दुःख एकाच ओंजळीत असतात. पूर्वी हे सांगणे जिवलग मैत्रिणीच्या कानाशी किंवा कुलपातल्या वहीच्या पानांत संपत असे. आज ते तिथे थांबत नाही. रात्री लिहिलेला मजकूर सकाळपर्यंत शेकडो अनोळखी डोळ्यांपुढे गेलेला असतो. म्हणून तरुण-तरुणी टोपणनाव घेतात, गावाचे नाव बदलतात आणि मग निःशंक मनाने आपल्या भेटीगाठींची, जुळलेल्या आणि मोडलेल्या नात्यांची हकिकत लिहितात. "माझे नाव कुठेच नाही, मग कुणाचे काय बिघडले?" असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचे उत्तर रागावून न देता विचार करून दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य करू. नाव झाकून लिहिणे म्हणजे भित्रेपणा, असे सरसकट म्हणता येणार नाही. मराठी वाङ्मयाला तर याचा मोठा दाखला ठाऊक आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, वयात आलेल्या, पण अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालते. त्यांना दाखवले जाते, नाकारले जाते, हुंड्यासाठी तोलले जाते, तेव्हा त्यांच्यातल्या स्त्रीचे काय होते. त्यांनाही प्रेमाची भूक असते की नाही, हे त्या कथांत एका स्त्रीने स्त्रीच्या बाजूने सांगितले होते. महाराष्ट्रात वादळ उठले. पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली आणि वादळाला आणखी जोर चढला. परंतु या साऱ्या गदारोळात एक प्रश्न इतर प्रश्नांना मागे सारून पुढे आला : ही विभावरी कोण? बाई की बुवा? कुठे राहते? कुणाची मुलगी?

विभावरी म्हणजे रात्र. त्या रात्रीआड होत्या बाळूताई खरे. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि मुलींना शिकवणाऱ्या एक अविवाहित शिक्षिका. त्यांचे प्रकाशक ह. वि. मोटे यांनी हे गुपित सांभाळले. पुढे १९३८ साली बाळूताईंचा विवाह विश्राम बेडेकरांशी झाला आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. 'रणांगण'कार बेडेकर हे जन्माने आपल्या अमरावतीचे, ही वऱ्हाडच्या वाचकांना सुखावणारी गोष्ट. नाव झाकले नसते तर त्या शिक्षिकेची नोकरी आणि पालकांचा तिच्यावरील विश्वास पणाला लागला असता, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे तिचे टोपणनाव हे दुबळ्याच्या हातातले ढाल होऊ शकणारे साधन होते, आणि त्या ढालीमुळे समाजाला एक कडू पण हितकर सत्य ऐकायला मिळाले.

मात्र या उदाहरणातला एक बारकावा सहज निसटून जातो. विभावरीने फक्त स्वतःचे नाव झाकले नव्हते. ज्या मुलींची दुःखे तिने पाहिली होती, त्यांनाही तिने कथेचे वस्त्र पांघरले होते. वाचकाला समाजाचा दोष दिसला, अमक्या गल्लीतली अमकी मुलगी दिसली नाही. पडदा एक नव्हता, दोन होते. आजचे लेखन पुष्कळदा एकाच पडद्यावर भागवते : लिहिणारा पडद्याआड आणि ज्याच्याविषयी लिहिले तो चव्हाट्यावर.

अकोल्याचेच पाहू. मोर्णेच्या दोन्ही काठांवर पसरलेले हे शहर कापसाच्या बाजारामुळे आणि रेल्वेच्या जंक्शनमुळे मोठे झाले. वस्ती लाखांच्या घरात गेली. पण त्यातला कॅथलिक समाज मूठभर. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, त्याला सात दशके झाली. तरी इथल्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सेला कोणते कुटुंब कोणत्या बाकावर बसते, हेही लोकांना पाठ असते. समजा, अशा ठिकाणच्या एका मुलीने मोडलेल्या सोयरिकीविषयी टोपणनावाने लिहिले. मुलाचे नाव दिले नाही. फक्त इतकेच लिहिले की तो बँकेत आहे, वडील रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि चर्चच्या गायकवृंदात तो गिटार वाजवतो. बाहेरगावच्या वाचकाला यातून काहीच कळणार नाही. धर्मग्रामातल्या वाचकाला मात्र चौथी खूण लागणार नाही. त्या मुलाचा रागीटपणा, त्याच्या आईची कंजुषी, त्याने एका हळव्या क्षणी विश्वासाने सांगितलेली बालपणीची जखम, हे सारे पुढल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पोहोचलेले असेल. त्याला खुलासाही करता येणार नाही. कारण खुलासा करायचा म्हणजे 'तो मीच' असे आधी कबूल करायचे.

नाव म्हणजे ओळख नव्हे. नाव ही ओळखीची केवळ एक खूण आहे. ही गोष्ट आपल्या देशाच्या कायद्याने नीट ओळखली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कार पीडितेचे नाव छापणे गुन्हा आहेच. परंतु तिची ओळख पटेल अशी कोणतीही बाब छापणे हाही तितकाच गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतही अशीच तरतूद होती. मुलीने टाळले ते नाव. राहून गेली ती ओळख.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रेमकथा कुणाच्या मालकीची? ज्याने लिहिली त्याची, असे उत्तर चटकन ओठांवर येते. परंतु शेताची धुरे जशी दोन शेतकऱ्यांची असते, तशी प्रत्येक भेट, प्रत्येक पत्र, प्रत्येक रुसवा हा दोघांचा असतो. आपल्या वाट्याचे अर्धे शेत आपण विकू शकतो. धुऱ्यापलीकडचे विकण्याचा अधिकार आपल्याला नाही. "ती माझी आठवण आहे", हे खरे. पण त्या आठवणीत दुसऱ्या माणसाची अब्रूही राहते.

संत ऑगस्टीन यांचे 'कबुलीजबाब' हे आत्मकथन या संदर्भात पुन्हा उघडून पाहण्याजोगे आहे. इसवी सन ४०० च्या आसपास, बिशप झाल्यानंतर त्यांनी ते लिहिले. तारुण्यातील आपल्या वासना, आपला अहंकार, आपली चुकलेली वाट त्यांनी स्वतःच्या नावाने, कशाचीही भीड न ठेवता सांगितली. एका स्त्रीबरोबर ते विवाहावाचून एक तपाहून अधिक काळ राहिले. तिच्यापासून त्यांना मुलगा झाला. पुढे मिलान येथे घरच्यांनी प्रतिष्ठित घराण्यातल्या मुलीशी त्यांचा विवाह ठरवला, तेव्हा या स्त्रीला दूर करण्यात आले. आयुष्यात पुन्हा कुणा पुरुषाची होणार नाही, असा नवस करून ती आफ्रिकेला परतली. मुलगा मागे राहिला. तिच्या वियोगाने आपले काळीज कसे फाटले, हेही ऑगस्टीन लिहितात. मुलाचे नाव आपल्याला ठाऊक आहे, एडिओडेटस. मित्राचे नाव ठाऊक आहे, अलिपियस. मातेचे नाव तर घरोघरी पोहोचले, संत मोनिका. पण त्या स्त्रीचे नाव सोळाशे वर्षांत कुणालाही सापडलेले नाही. ऑगस्टीन यांनी ते लिहिलेच नाही.

या मौनाकडे दोन दृष्टींनी पाहता येते, आणि दोन्ही दृष्टी मांडल्या पाहिजेत. आजच्या काळातल्या अनेक अभ्यासक स्त्रिया विचारतात की ज्या स्त्रीने इतकी वर्षे दिली, पोटचा मुलगा दिला, तिला नावही मिळू नये काय? या प्रश्नातले दुःख खरे आहे. तिची बाजू तिच्या तोंडून आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही, हा इतिहासाचा अन्याय आहेच. तरीही एक गोष्ट उरते. ती स्त्री त्या वेळी कदाचित हयात असेल, आपल्या गावात व्रतस्थ जीवन जगत असेल. तिचे नाव त्या पानावर आले असते, तर बिशपांची जुनी सोबतीण म्हणून ती जन्मभर बोटांनी दाखवली गेली असती. ऑगस्टीन यांनी पापाची कबुली दिली ती स्वतःच्या पापाची. तिच्याविषयी त्यांनी एकही उणा शब्द काढला नाही; उलट संयमात ती आपल्याहून सरस ठरली, असेच सुचवले. स्वतःचे नाव उघडे आणि सोबतिणीचे झाकलेले, हा ऑगस्टीन यांचा मार्ग. स्वतःचे नाव झाकलेले आणि सोबत्याची ओळख उघडी, हा आजचा. दोन मार्गांतला फरक वाचकांनीच तोलून पाहावा.

ख्रिस्तसभेने हाच विवेक आपल्या प्रायश्चित्त संस्कारात जपला आहे. पापनिवेदनासाठी जाळीआड बसण्याची सोय सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या काळात रूढ होऊ लागली. माणसाने संकोच न बाळगता मन मोकळे करावे, म्हणून ही जाळी. म्हणजे अनामिकतेची सोय ख्रिस्तसभेनेही केली. परंतु ती कशासाठी? स्वतःला दोषी ठरवण्यासाठी. दुसऱ्याला दोषी ठरवायला त्या जाळीमागे जागा नाही. बहुतेक भाविकांना पापनिवेदनाच्या गुप्ततेचा नियम ठाऊक असतो. धर्मगुरूने ऐकलेले पाप जीव गेला तरी उघड करायचे नसते. पण त्याच्याच शेजारचा दुसरा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९८३ च्या विधिसंहितेचा ९७९ वा नियम सांगतो की पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्या पापातल्या साथीदाराचे नाव विचारू नये. अठराव्या शतकात पोर्तुगालमध्ये काही धर्मगुरू असे नाव विचारू लागले, सांगितले नाही तर पापक्षमा नाकारू लागले, तेव्हा पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४५ साली या प्रथेचा कडक शब्दांत निषेध केला. या नियमाचा अर्थ जरा खोल जाऊन पाहावा. जिथे सारे काही सांगायचे असते, जिथे ऐकणारा जन्मभर मौनाने बांधलेला असतो, त्या पवित्र ठिकाणीसुद्धा दुसऱ्याचे नाव मागितले जात नाही. मग जिथे ऐकणारे हजारो असतात आणि कुणीही कशाने बांधलेला नसतो, तिथे ते नाव, किंवा नावाकडे नेणारी खूण, किती जपायला हवी?

येथे काही वाचक म्हणतील, "आम्ही खोटे तर लिहिले नाही ना? जे घडले तेच लिहिले." सत्य सांगितले की दोष उरत नाही, ही समजूत फार दृढ आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ मात्र दोन पापांत भेद करतो. खोटे रचून एखाद्याची बदनामी करणे हे एक पाप. आणि पुरेसे कारण नसताना एखाद्याचा खराखुरा दोष, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना सांगणे, हे दुसरे पाप. दुसऱ्यात एक अक्षरही खोटे नसते, तरी ते पाप असते. कारण सत्यावर हक्क प्रत्येकाचा सारखा नसतो. लग्न ठरवणाऱ्या मुलीच्या वडिलांना मुलाच्या व्यसनाविषयी सत्य कळण्याचा हक्क आहे. तोच मजकूर चार गावच्या करमणुकीसाठी मांडण्याचा हक्क कुणालाही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगी जीवनाचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेचा २२० वा नियमही चांगल्या नावलौकिकाचा व खाजगीपणाचा अधिकार प्रत्येकाचा मानतो. हा अधिकार ज्याच्यावर आपण रुसलो आहोत, त्याचाही असतो.

परंतु येथवर जे लिहिले, त्याचा कुणी सोयीचा अर्थ काढू नये. मौनाचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही की मौन पुष्कळदा बलवानाच्या कामी येते. ख्रिस्तसभेच्या इतिहासातच याचा धडा आहे. मध्ययुगात दोघांनी गुपचूप एकमेकांना वचन दिले की विवाह झाला, असे मानले जाई. मग पुरुष पलटायचा, "मी असे वचन दिलेच नव्हते", म्हणायचा आणि स्त्रीजवळ पुरावा नसायचा. हा अनर्थ थांबवण्यासाठी ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ साली 'तामेत्सी' नावाचा आदेश काढला : विवाहापूर्वी चर्चमध्ये जाहीर घोषणा व्हावी आणि विवाह धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्या समोर व्हावा. आज आपल्या चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा वाचल्या जातात, त्यामागे ही कळकळ आहे. प्रेमाला एकांत हवा, पण वचनाला साक्षीदार हवेत.

म्हणूनच जिथे जबरदस्ती झाली, फसवणूक झाली, मारहाण झाली, धमकी आली, तिथे "घरातली गोष्ट घरात ठेव" हा उपदेश सद्गुणाचा नव्हे. तो अन्यायाला दिलेला आसरा आहे. लौकिक जपण्याच्या नादात ख्रिस्तसभेतल्याही अनेकांनी अशा वेदना दडपल्या, हे जगजाहीर आहे. त्यासाठीच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तक्रारी कळवण्याचे बंधन घालणारे नियम केले आणि २०२३ साली ते कायमस्वरूपी केले. अशा पीडित मुलीने नाव झाकून बोलावे, नाव सांगून बोलावे, पण बोलावेच. आणि तिला पोलीस, न्यायालय, धर्मप्रांताची समिती, विश्वासातले आईवडील, असे ऐकणारे कान मिळाले पाहिजेत. इथे दोष सांगण्याला पुरेसे कारण असते. मोडलेले प्रेम आणि मोडलेले माणूस यांतला भेद आपण ओळखला पाहिजे. पहिल्यात दोघेही जखमी असतात. दुसऱ्यात एक जण जखम करणारा असतो. पहिल्याला दुसऱ्याचे नाव देऊन सूड उगवणे जितके वाईट, तितकेच दुसऱ्याला पहिल्याचे नाव देऊन गप्प बसवणे वाईट.

मग ज्याला खरोखर लिहायचे आहे, ज्याच्या प्रेमात सांगण्याजोगे काही आहे, त्याने काय करावे? कायमचे मौन धरावे काय? तसे झाले असते तर मराठी भाषा केवढ्या धनाला मुकली असती! आपल्या मातीतलेच उदाहरण घेऊ. अकोल्याहून रेल्वेने नागपूरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात मूर्तिजापूर येते. तिथे १९०१ साली आत्माराम रावजी देशपांडे जन्मले. साऱ्या महाराष्ट्राने त्यांना कवी अनिल म्हणून ओळखले. अमरावतीच्या कुसुम जयवंत यांच्यावर त्यांचे प्रेम जडले. दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली. १९२९ साली विवाह झाला. कुसुमावती देशपांडे पुढे नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या, कथाकार आणि समीक्षक झाल्या. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती. संमेलनाचे अध्यक्षपद मिळालेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी त्या निवर्तल्या. आणि १९७२ साली अनिलांनी विवाहापूर्वीचा तो पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध केला.

तरुणपणी एकमेकांसाठी लिहिलेली पत्रे म्हातारपणी सर्वांपुढे ठेवावीत की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. पत्राविषयी कायदाही मोठा मार्मिक आहे : कागद ज्याला पाठवला त्याचा, पण त्यावरचे शब्द ज्याने लिहिले त्याचे. म्हणजे कायद्यालाही एकाच पत्रात दोन माणसे दिसतात. आम्हांस या पुस्तकात तीन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक, अनिलांनी फक्त तिची पत्रे पुढे केली नाहीत, स्वतःचीही ठेवली. आपल्या मनाची कवाडे बंद ठेवून दुसऱ्याची उघडली नाहीत. दुसरी, त्यांनी काळ जाऊ दिला. पन्नास वर्षांपूर्वीच्या भावना संतापाच्या किंवा उन्मादाच्या भरात बाहेर पडल्या नाहीत, तर एका संपूर्ण संसाराने पारखून घेतल्यावर बाहेर आल्या. आणि तिसरी, पुस्तकाच्या नावातच दोघे आहेत, त्यातही कुसुम आधी. अर्धी गोष्ट दुसऱ्याची आहे, याची कबुली त्या एका जोडशब्दात आली आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्या ख्रिस्ती घरांत मोठ्या प्रेमाने वाचली जातात. त्यांचा पहिला भाग १९३४ साली आला, रेव्हरंड टिळक १९१९ सालीच निवर्तले होते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली ताटातूट, त्यांचा तापटपणा, त्यांचा विक्षिप्तपणा, संसारातली ओढाताण, काहीही लक्ष्मीबाईंनी लपवले नाही. तरी पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात टिळक लहान होत नाहीत. अधिक जवळचे होतात. कारण हसताना लक्ष्मीबाई आधी स्वतःला हसतात. १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' आले, तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते. बाईंनी इतके उघड लिहावे काय, यावर घराघरांत वाद झाले. वाद काहीही असो, सुनीताबाईंनी स्वतःच्या नावाने लिहिले, स्वतःवरही तितकीच कठोर नजर ठेवली आणि जे लिहिले त्याची जबाबदारी घेतली. सही करणारा हात शब्द जपून टाकतो. नाव झाकणाऱ्याने म्हणूनच सही करणाऱ्यापेक्षा अधिक जपायला हवे, कारण त्याला थांबवणारे कुणी नसते.

लिहिणाऱ्यांना एवढे सांगितल्यावर वाचणाऱ्यांना मोकळे सोडणे बरे नव्हे. विभावरीच्या कथा वाचून "हिचे दुःख कसे दूर होईल?" असे विचारणारे थोडे होते, "ही कोण?" असे विचारणारे फार. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडल्याची गोष्ट आहे. हामाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी मात्र खांद्यावर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत आत गेले आणि पित्याला झाकले; त्यांनी तोंड वळवून पाहिलेसुद्धा नाही. आपल्या धर्मग्रामात एखाद्याची हकिकत हातोहात फिरू लागली की आपण हाम होतो की शेम, हे प्रत्येक कुटुंबाने जेवणाच्या ताटावर बसून स्वतःला विचारावे. तीच गोष्ट निनावी पत्रांची. सोयरीक ठरली की मुलाकडे किंवा मुलीकडे एखादे निनावी पत्र जाते, "तुम्हांला ठाऊक नसेल, पण पूर्वी हिचे…" आणि पुढे काही ओळी. सही नाही, पत्ता नाही. अशा पत्राने मोडलेले लग्न पत्र लिहिणाऱ्याला दिसतही नाही. काही गंभीर बाब खरोखर ठाऊक असेल, तर ती नाव सांगून, ज्याला कळणे आवश्यक आहे त्यालाच, समोर बसून सांगावी. ते धैर्य नसेल तर लेखणी खाली ठेवावी.

तरुण वाचकहो, तुम्ही लिहू नका, असे आम्ही म्हणत नाही. लिहा. पण लिहून झाल्यावर तो मजकूर काही महिने उशाखाली ठेवा. रागाला निवायला वेळ लागतो. मग एकदा असा वाचा, जणू ज्याच्याविषयी लिहिले तो समोर बसून ऐकतो आहे. जे वाक्य त्याच्यासमोर उच्चारता येणार नाही, ते बाहेर काढा. जे गुपित त्याने विश्वासाने तुमच्या ओंजळीत ठेवले होते, ते तर तुमचे नव्हतेच. ते परत करा. शक्य असेल तर त्याची संमती घ्या. आणि उरलेल्या पानांत तुम्ही स्वतः किती उरता, ते पाहा. पुष्कळ उरत असाल, तर ते लेखन प्रामाणिक आहे. काहीच उरत नसेल, तर ती तुमची कहाणी नव्हती. दुसऱ्याविरुद्धची फिर्याद होती.

शेवटी संत योसेफाकडे वळू. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात तो एका मोडू पाहणाऱ्या वाङ्निश्चयाच्या उंबरठ्यावर उभा आहे. मारिया गरोदर असल्याचे त्याला कळले. त्याच्या दृष्टीने पुरावा डोळ्यांपुढे होता. समाज त्याच्या बाजूने होता. चार लोकांत बोलला असता तर कुणीही त्याला दोष दिला नसता. पण तो नीतिमान होता, आणि शुभवर्तमानकार त्याच्या नीतिमत्तेची खूण सांगतात ती हीच की मारियेची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने तिला गुपचूप सोडण्याचे मनात आणले. आपण बहुधा इथेच थांबतो आणि योसेफाच्या दयाळूपणाचे कौतुक करतो. परंतु गोष्ट त्याहून खोल आहे. योसेफाला वाटत होते ते खरे नव्हते. मारिया निर्दोष होती, आणि तिच्या उदरी जे वाढत होते ते जगाचे तारण होते. योसेफ नाझरेथच्या चौकात बोलून मोकळा झाला असता, तर रात्री देवदूत येऊन काय सांगणार होता? एकदा सुटलेला शब्द स्वप्नातल्या सांगण्याने परत येत नाही. तो गप्प राहिला, म्हणून त्याच्या निष्कर्षाची दुरुस्ती होण्याला वाव उरला. म्हणून सकाळी उठून तो तिला आपल्या घरी आणू शकला.

ज्याच्यावर आपण प्रेम केले आणि ज्याने आपल्याला दुखावले, त्याचे सारे सत्य आपल्याला ठाऊक आहे, अशी आपली खात्री असते. योसेफाचीही खात्रीच झाली होती. दुसऱ्याचे नाव झाकून ठेवणे म्हणजे त्याच्याविषयीचा शेवटचा शब्द देवासाठी राखून ठेवणे होय.